लेहच्या वाटेवरील हेलकावे

उन्हाळ्याची सुटी लागली की महाराष्ट्रातून लडाखकडे पर्यटकांची रीघ लागते. आणि दिल्लीहून लेहपर्यंतच्या अवघ्या सव्वा तासाच्या विमानप्रवासात पीर पंजाल, हिमालयाची मुख्य रांग व झंस्कार या पर्वतश्रेणी ओलांडताना जे हेलकावे बसतात, त्यांची पूर्वकल्पना नसल्यामुळे एरवी धीराची असणारी माणसेही देवाचा धावा करू लागतात. हे भय दूर करण्यास नवी यंत्रसामग्री लागत नाही. उड्डाणापूर्वी प्रवाशांना खरी हकीकत त्यांच्या भाषेत सांगण्याची तजवीज तेवढी करावी लागते, आणि ती करणे हे विमान कंपन्यांचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ती हकीकत अवघड नाही. खडकावरून वाहून गेलेल्या पाण्यात पुढे जशा जागच्या जागी लाटा उठलेल्या दिसतात, तशाच लाटा, जोराचा वारा पर्वतरांग आडवी ओलांडून गेला म्हणजे, रांगेच्या पलीकडे हवेत उठतात. या लाटांवर विमान पुष्कळदा संथपणेच वरखाली होते. परंतु त्यांच्या खाली, शिखरांच्या उंचीच्या आसपास, हवेचे आडवे भोवरे फिरत असतात आणि खरे दणके तेथे बसतात. हवेत ओलावा असला तर भिंगाच्या आकाराचे निश्चल ढग या लाटांची खूण दाखवितात; हवा कोरडी असली तर निरभ्र आकाशातही त्या अदृश्य रूपाने हजर असतात. आपल्या सह्याद्रीवरही अशा लहरी निर्माण होतात, आणि आर. पी. सरकार या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात त्यांचा गणिती अभ्यास केला आहे. शिवाय दिवस चढेल तशी तापलेल्या उतारांवरून हवा उसळू लागते व दरीतील वारा जोर धरतो. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 3,250 मीटर उंचीवर असल्याने मुळातच विरळ असलेली तेथील हवा उन्हाने अधिकच विरळ होते. तेथील उड्डाणे मुख्यत्वे सकाळी ठेवण्याचा शिरस्ता पडला, तो यामुळेच.

अशा हेलकाव्यांत मोठे प्रवासी विमान सहसा मोडत नाही, कारण सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार सोसण्याची क्षमता सिद्ध झाल्याखेरीज त्यास परवानाच मिळत नाही. अपवादाचा दाखला आहे, आणि तो लपवू नये: 5 मार्च 1966 रोजी जपानच्या फुजी पर्वतानजीक बोइंग 707 विमान स्वच्छ हवेतील प्रचंड क्षोभाने आकाशातच भंगले आणि त्यातील सर्व 124 जण मृत्युमुखी पडले. तरीही आज इजा होते ती बहुतांशी पट्टा न बांधता बसलेल्या प्रवाशांना आणि उभ्याने काम करणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांना. म्हणून पट्ट्याचा दिवा विझला तरी आसनावर असेपर्यंत पट्टा सोडू नये, आणि विमान उतरू लागण्यापूर्वीच गरम पेये व जड सामान आवरून घ्यावे.

हवा अनुकूल नसल्याने उड्डाण रद्द झाले, किंवा लेहच्या जवळ जाऊन विमान माघारी फिरले, म्हणजे पुष्कळ प्रवासी कर्मचाऱ्यांवर संताप काढतात. हे मला सर्वथा अनुचित वाटते. पाकिस्तानशी झालेल्या पहिल्या काश्मीर युद्धात, 24 मे 1948 रोजी, एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहच्या नव्या धावपट्टीवर पहिले डाकोटा विमान उतरविले, तेव्हा तो मुलूख शत्रूच्या हाती जाण्याचा प्रसंग होता आणि म्हणून ती जोखीम समर्थनीय होती. सहलीच्या एका दिवसासाठी तशी जोखीम पत्करण्याचा आग्रह धरण्याचा अधिकार कोणासही नाही. मात्र उड्डाण कशामुळे थांबले हे स्पष्टपणे कळण्याचा अधिकार प्रत्येक प्रवाशास आहे, आणि तो मान्य करणाऱ्या कंपनीनेच त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करावी.