आखातातल्या कमाईचा हिशोब घरीही असू द्या

पळसदरीपासून केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीपर्यंतच्या गावांत ज्यांच्या घरचा फिटर, वेल्डर किंवा ड्रायव्हर सौदी, दुबई, कुवेत, ओमानला आहे, त्या घरांसाठी हे लिहितो आहे. मुंबईत ट्रेड टेस्ट देऊन व्हिसाची वाट पाहणाऱ्यांनीही वाचावं.

२०२० च्या मार्चमध्ये दोन संकटं एकदम आली. करोनाने गाड्या, विमानं, कारखाने थांबवले, तेलाला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि त्याच वेळी सौदी आणि रशिया भावावरून भांडत बसले. २० एप्रिलला अमेरिकेत मे महिन्याच्या तेलसौद्याचा भाव पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. आपला माणूस तिकडे पूल बांधतो, हॉटेलचे पाइप जोडतो. त्याचा तेलाशी काय संबंध, असं वाटतं. पण तिथल्या सरकारांची मोठी मिळकत तेलाची. ती आटली की प्रकल्प लांबतात, कंत्राटदाराची बिलं अडकतात आणि शेवटी कामगाराचा पगार थकतो. व्हिसा मालकाच्या नावावर असल्याने नोकरीबरोबर तिथे राहण्याचा हक्कही जातो. त्या वर्षी तर विमानंही बंद होती. ७ मेपासून परतीच्या विमानांचं 'वंदे भारत' अभियान सुरू झालं आणि माणसं परतू लागली, पण कित्येकांचे थकलेले पगार तिकडेच राहिले.

हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. २०१४ पासून तेलाचे भाव कोसळले आणि २०१६ मध्ये सौदी ओजर या बांधकाम कंपनीचे हजारो भारतीय कामगार महिनोन्‌महिने पगाराविना अडकले. जेद्दातल्या आपल्या वकिलातीला त्यांच्या जेवणाची सोय करावी लागली. तेलाचा भाव पुन्हा पडणार, हे धरूनच चाला.

माझं सांगणं मुख्यतः एका गोष्टीबद्दल आहे: कमावलेला पण हातात न आलेला पैसा. त्यात थकलेला पगार येतो, रजेचे पैसे येतात आणि सेवा संपल्यावरची ग्रॅच्युइटी येते. अमिरातीत वर्षभर नोकरी झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दरसाल २१ दिवसांचा पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो, पण तो मूळ पगारावर. मूळ पगार १,००० दिरहम असेल तर चार वर्षांचे २,८०० दिरहम होतात. म्हणून करारात मूळ पगार किती आणि भत्ता किती, हे जाण्यापूर्वीच पाहा. सौदीत पहिल्या पाच वर्षांना दरसाल अर्ध्या महिन्याचा पगार मिळतो. मात्र दोन वर्षांच्या आत स्वतःहून राजीनामा दिला तर काहीच मिळत नाही, आणि पाच वर्षांच्या आत दिला तर एक तृतीयांशच. कंपनी काढत असेल तर राजीनाम्यावर सही करू नका. 'सगळे पैसे मिळाले' अशा अरबी कागदावर, पैसे हातात पडल्याशिवाय, कितीही घाई केली तरी सही नको.

करार, इकामा (तिथे राहण्याचा परवाना), पगाराच्या पावत्या, बँकेत जमा झाल्याचे मेसेज, यांचे फोटो घरी पाठवत राहा. कंपनीच्या कॅम्पात पेटीत ठेवलेला कागद ऐनवेळी उपयोगी पडत नाही. ताई, वहिनी, हे काम तुम्ही अंगावर घ्या. दर महिन्याला किती ठरले होते आणि किती आले, हे एका वहीत लिहा.

जाताना काढलेला प्रवासी भारतीय विमा चांगला आहे, अपघाती मृत्यूला १० लाख देतो. थकलेल्या पगाराला मात्र तो काही देत नाही. म्हणून घराचं कर्ज किंवा गाडीचा हप्ता आखाती पगाराच्या भरवशावर पूर्ण ताणू नका.

परतावंच लागलं तर निघण्यापूर्वी दूतावासात दावा नोंदवा आणि मागे पाठपुरावा करायला मुखत्यारपत्र देऊन या. परत आलेल्यांनी सरकारच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करावी. सौदीत नोकरी संपल्यापासून दावा करायला साधारण एक वर्षाचीच मुदत असते, तेव्हा 'कंपनी पाठवेल' या आशेवर ते वर्ष घालवू नका.