गळ्यातली गाठ, मनातली गाठ

आपल्या इंदूरच्या मराठी वस्तीत आजारपणाची वार्ता फार काळ लपून राहत नाही. रामबागेत कुणास कावीळ झाल्याचे कळले, की सायंकाळपर्यंत लोकमान्य नगरातून उसाचा रस आणि सुदामा नगरातून चार नामांकित वैद्यांचे पत्ते येऊन पोहोचतात. या आपुलकीचा कधी जाच होतो. पण महाराष्ट्राबाहेर आपण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना धरून राहिलो आहोत ते तिच्याच बळावर. मात्र एक आजार असा आहे, की त्याचे नाव घेताना याच बोलक्या वस्तीचा आवाज खाली येतो. ‘थायरॉइडचे ऑपरेशन झाले’ इथपर्यंत मोकळेपणाने सांगितले जाते. ‘गाठ कर्करोगाची होती’ हे पुढचे वाक्य गिळले जाते.

या महिन्याच्या लेखासाठी चार भगिनी आणि एक गृहस्थ यांनी ते वाक्य न गिळता आपापली हकीकत सांगितली. पाचही जण आपल्याच गावचे. नावे छापू नयेत ही त्यांची अट आहे आणि ती रास्त आहे. भगिनींची संख्या अधिक, हाही योगायोग नव्हे; हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिपटीने आढळतो.

ज्या ग्रंथीविषयी हे सारे आहे, तिला आपल्या वैद्यकाच्या पुस्तकांत अवटू ग्रंथी म्हणतात आणि घरोघर थायरॉइड. गळ्याच्या घाटीखाली श्वासनलिकेला बिलगून बसलेली, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी वजनाने वीस-पंचवीस ग्रॅमची; पण शरीराची ऊब, हृदयाची गती, मनाची तरतरी या सर्वांचे मान तीच राखते. गिळताना ती वरखाली होते आणि तिच्यातली गाठही तिच्याबरोबर हलते. आमच्या गृहस्थांना आपली गाठ अशीच, आरशासमोर दाढी करताना घोट गिळला तेव्हा दिसली. एका वहिनींची गाठ हळदीकुंकवाच्या दिवशी शेजारणीच्या लक्षात आली. तिसऱ्या भगिनींची सोनोग्राफी मानदुखीसाठी केली होती. तीत गाठ अवचित सापडली. पाचांपैकी कुणासही वेदना नव्हती, आणि रक्ताची तपासणी पाचही जणांची निर्दोष होती.

हे शेवटचे वाक्य वाचकांनी पुन्हा वाचावे. ‘टीएसएच नॉर्मल आहे, मग काळजी कसली?’ असे म्हणून एका भगिनींनी आठ महिने गाठ तशीच राहू दिली. रक्तातला टीएसएच ग्रंथीचे काम कसे चालले आहे ते सांगतो. ग्रंथीतली गाठ कसली आहे ते तो सांगत नाही. त्यासाठी सोनोग्राफी आणि बारीक सुईने पेशी काढून केलेली तपासणी हाच मार्ग. सुईचे नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. रक्त काढण्यापेक्षा थोडा अधिक त्रास, एवढाच सर्वांचा अनुभव. सुईच्या तपासणीचा निष्कर्ष एक ते सहा अशा वर्गांत देण्याची पद्धत २००७ साली अमेरिकेत बेथेस्डा येथे भरलेल्या परिषदेतून रूढ झाली. दुसरा वर्ग निरुपद्रवी, सहावा निश्चित कर्करोगाचा, आणि तिसरा-चौथा संशयाचा. थायरॉइडच्या शंभर गाठींतील नव्वदांहून अधिक गाठी निरुपद्रवीच निघतात, हेही येथे सांगितले पाहिजे.

अर्थात सुईलाही मर्यादा आहे. अर्जेंटिनाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षा क्रिस्टिना फर्नांडेझ दे किर्शनेर यांना कर्करोग असल्याचे डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाले, जानेवारी २०१२ मध्ये त्यांची संपूर्ण ग्रंथी काढण्यात आली, आणि काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीत कर्करोग नसल्याचे दिसून आले. तिसऱ्या-चौथ्या वर्गाचा निष्कर्ष हाती आल्यावर आणखी एका तज्ज्ञाचे मत विचारण्यात म्हणूनच कुठल्याही डॉक्टरांचा अपमान नाही.

आता त्या गिळलेल्या शब्दाविषयी. ‘कर्करोग’ हा शब्द एक असला, तरी त्याच्या पोटात स्वभावाने अगदी भिन्न असे रोग आहेत. थायरॉइडच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार चार : पॅपिलरी, फॉलिक्युलर, मेड्युलरी आणि अ‍ॅनाप्लास्टिक. शंभरातील सुमारे ऐंशी रोग्यांना पॅपिलरी असतो. तो बहुधा संथ चालीचा, आणि वेळीच उपचार झाल्यास बहुतेक रोगी आपले पूर्ण आयुष्य जगतात. अ‍ॅनाप्लास्टिक हा विरळा, पण इतका उग्र, की तेथे महिन्यांचा हिशेब करावा लागतो. जपानात कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या लहान पॅपिलरी गाठींवर लगेच शस्त्रक्रिया न करता केवळ नजर ठेवण्याचा मार्ग चोखाळला, आणि बहुतेक गाठी वर्षानुवर्षे जागच्या जागी राहिल्या. दक्षिण कोरियात उलट घडले. सरसकट सोनोग्राफीमुळे २०११ साली या रोगाचे निदान १९९३ च्या पंधरापट झाले; मृत्यूंची संख्या मात्र होती तिथेच राहिली. २०१६ साली तर तज्ज्ञांनी एका सौम्य गाठीच्या नावातून ‘कर्करोग’ हा शब्दच काढून टाकला. तेव्हा निदान कळताच पहिला प्रश्न ‘किती दिवस?’ हा नसावा. ‘कोणता प्रकार, केवढी गाठ, मानेतल्या इतर गाठींत पसरली आहे काय?’ हा असावा.

शस्त्रक्रियेविषयी पाचही जणांची हकीकत बरीच मिळतीजुळती आहे. मान मागे वाकवून ठेवल्यामुळे पहिले दोन दिवस मानेच्या मागच्या बाजूस कळ येते. खुद्द टाक्यांचे दुःख त्या मानाने कमी. पहिला पातळ चहा घशाखाली उतरला, तेव्हा आपण सुटलो असे वाटल्याचे तिघांनी सांगितले. ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राची नस जाते. तिला धक्का लागल्यास आवाज बसतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत परततो, क्वचित कायमचा बदलतो. आमच्या पाचांपैकी एक भजनी मंडळात गाणाऱ्या. त्यांचा आवाज परत आला. पण वरचा षड्ज पूर्वीसारखा लागत नाही. ‘आता मी दुसऱ्या ओळीत बसते आणि खालच्या पट्टीत गाते,’ असे त्यांनी सांगितले. सांगताना त्या हसल्या. पण लगेच दुसरा विषय काढला.

दुसरा अनुभव मुंग्यांचा. कंठग्रंथीच्या पाठीला तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार चिमुकल्या ग्रंथी चिकटलेल्या असतात. रक्तातील कॅल्शियम त्या सांभाळतात. शस्त्रक्रियेनंतर त्या काही काळ मंदावल्या, तर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागतात. एका भगिनींना घरी आल्यावर तिसऱ्या रात्री हे झाले. अशक्तपणा असेल म्हणून त्या पहाटेपर्यंत गप्प राहिल्या. सकाळपर्यंत बोटे आखडू लागली होती. असे झाल्यास रात्र असो वा पहाट, रुग्णालयास ताबडतोब कळवावे.

रोग्याच्या बोलण्याचे मोल या ग्रंथीच्या इतिहासात फार मोठे आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी १८७४ साली एका अकरा वर्षांच्या मुलीची संपूर्ण कंठग्रंथी काढली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण मुलगी पुढे मंद, सुजट आणि अबोल होत गेली. तिकडे जिनिव्हात रेव्हेर्दिन यांनाही १८८२ साली असाच अनुभव आल्याचे कळले. मग कोखर यांनी आपले जुने रोगी तपासणीसाठी परत बोलावले. ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली होती, त्यांतील बहुतेकांची गत त्या मुलीसारखीच झालेली दिसली. कोखर यांनी ते १८८३ साली जाहीरपणे मांडले, आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १८९१ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी ग्रंथी निकामी झालेल्या एका सेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीस मेंढीच्या ग्रंथीचा अर्क द्यावयास आरंभ केला. ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली. १९१४ साली केंडॉल यांनी त्या अर्कातले सत्त्व स्फटिकरूपात वेगळे काढले आणि १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत बनू लागले. आपल्या घरातील मंडळी पहाटे जी बारीक पांढरी गोळी घेतात, ती हीच.

ही गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यावयाची. लोहाची वा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावयाची. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या माणसास ती जन्मभर लागते. ‘बरे वाटते’ म्हणून ती सोडून देणे म्हणजे त्या अकरा वर्षांच्या मुलीची अवस्था आपण होऊन ओढवून घेणे.

काहींना, सर्वांना नव्हे, शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीन द्यावे लागते. मुंबईस परळ येथे अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हे उपचार करीत आले आहे, आणि मध्य भारतातून जाणाऱ्या कित्येक कुटुंबांना ती वाट परिचित आहे. त्याआधी एक-दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ वर्ज्य असते. म्हणजे बाहेरचे पोहे, शेव, कचोरी, विकतचे लोणचे हे सारे बंद. सैंधव चालेल असे वाटते, पण बाजारच्या काही पुड्यांत तेही आयोडीनयुक्त असते. पुडीवर वाचूनच घ्यावे. औषधानंतर रोग्यास काही दिवस स्वतंत्र खोलीत राहावे लागते आणि घरी आल्यावरही लहान मुले व गर्भवती यांपासून काही काळ दूर. एकत्र कुटुंबात सव्वीस वर्षे काढलेल्या एक काकू म्हणाल्या, ‘लग्न झाल्यापासून एका खोलीत मी प्रथमच एकटी झोपले. पहिल्या दिवशी रडले, दुसऱ्या दिवशी पुस्तक वाचून काढले.’

पाचवी हकीकत सर्वांत अवघड. या भगिनींच्या आई १९८० च्या सुमारास ‘गळ्याच्या गाठीने’ गेल्या. यापलीकडे घरात कुणी कधी काही बोलले नाही. चाळीस वर्षांनी लेकीच्या गळ्यात गाठ आली आणि ती मेड्युलरी निघाली. हा प्रकार शंभरात तीन-चार जणांचा. पण त्यांतला सुमारे चौथा हिस्सा आनुवंशिक असतो. ‘रेट’ नावाच्या जनुकातील दोष त्यास कारण होतो, हे १९९३ साली सिद्ध झाले. दोष असलेल्या आईकडून वा वडिलांकडून तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याचा संभव निम्मा असतो. रक्ताच्या तपासणीने तो कळतो, आणि वेळीच कळल्यास गाठ होण्यापूर्वीच ग्रंथी काढून रोग टाळता येतो.

तपासणीत मुलगा निर्दोष निघाला. मुलीत दोष निघाला. मुलगी लग्नाची. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले, की हे चार भिंतींबाहेर जाऊ नये. भगिनींनी ते ऐकले नाही. त्यांनी बडोद्याच्या आणि ग्वाल्हेरच्या मामेभावंडांना स्वतःच्या हाताने पत्रे लिहिली, तपासणी करून घ्या म्हणून कळवले. बडोद्याहून प्रथम रागाचा फोन आला. दोन महिन्यांनी तपासणी झाल्याचा निरोपही आला. मुलीची शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या ग्रंथीत रोगाची अगदी सुरुवात होती. पुढे स्थळ आले तेव्हा पहिल्याच भेटीत मुलीने गळ्यावरची रेघ दाखवून सर्व सांगितले. त्या मंडळींकडून उत्तर आले नाही. दुसऱ्या घरच्यांनी प्रश्न विचारले, डॉक्टरांना भेटू का म्हणाले. बोलणी अद्याप चालू आहेत.

आईच्या पिढीने लपवले त्याला दोष देता येणार नाही. तेव्हा ही तपासणीच नव्हती. आज ती आहे, आणि आज लपवण्याची किंमत आपल्याच मुलाबाळांना, भाच्या-पुतण्यांना मोजावी लागते. कुणाच्या घरी ‘गळ्याच्या गाठीने गेले’ अशी जुनी आठवण असेल, तर त्या गाठीचा प्रकार कोणता होता याची चौकशी जुन्या कागदांतून जरूर करावी.

बोलण्यालाही एक मर्यादा असावी. मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतः कर्करोगातून बाहेर पडल्यावर १९९४ साली व्ही केअर ही संस्था काढली. या रोगातून गेलेली माणसेच तेथे नव्या रोग्यांशी बोलतात, त्यांना धीर देतात. आपणही तेवढे करू शकतो. मुंग्या कशा येतात, आवाज किती दिवसांनी परतला, एकांताचे दिवस कसे काढले, हे आपण सांगावे. दुसऱ्याची गोळी किती असावी, आयोडीन घ्यावे की नाही, गाठीवर अमुक काढा चालेल काय, हे मात्र सांगू नये. ते ज्याच्या त्याच्या गाठीवर आणि डॉक्टरांवर सोपवावे.

आमच्या पाचांपैकी तिघांनी, नव्याने निदान झालेल्या कुणाही मराठी कुटुंबास भेटण्याची तयारी दाखवली आहे. ज्यांना बोलावेसे वाटेल त्यांनी या स्तंभाच्या नावे बंद पाकिटात चिठ्ठी पाठवावी. ती संबंधितांखेरीज कुणी उघडणार नाही.