‘नो ब्लॉकर्स’ म्हणजे काय रे भाऊ?

हिंजवडी असो, खराडी असो की ऐरोली, आयटीतल्या दोस्तमंडळींच्या तोंडी एक वाक्य अगदी पाठ असतं. ‘काल हे केलं, आज ते करणार, नो ब्लॉकर्स!’ पंधरा मिनिटांचा स्टँड-अप, प्रत्येकाची पोपटपंची, विषय संपला. मग हीच टीम खाली चहाच्या टपरीवर जमते आणि खरा स्टँड-अप तिथे सुरू होतो. सर्व्हर तीन दिवसांपासून रडतोय, टेस्टिंगला वेळच उरलेला नाही, शुक्रवारचं रिलीज होणं शक्य नाही... टपरीवाल्याला सगळं ठाऊक, मॅनेजरला काहीच नाही!

गंमत बघा. अजाइलचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्डच्या स्की रिसॉर्टवर १७ जणांनी लिहिला. त्यातलं पहिलंच मूल्य असं, की प्रोसेस आणि टूल्सपेक्षा माणसं आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं जास्त मोलाचं. आपण उचललं काय? जिरा (फोडणीतलं नव्हे!), बोर्ड आणि पिवळ्या चिठ्ठ्या. ‘काल-आज-अडचण’ हे तीन प्रश्न तर खुद्द स्क्रम गाइडनेच २०२० च्या आवृत्तीतून काढून टाकले. आपल्याकडे ते आरतीसारखे चालूच आहेत.

बरं, लोक बोलत का नाहीत? हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषधं देताना चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज. आकडे निघाले उलटे! चांगल्या टीम्सच्याच नावावर चुका जास्त. खोलात गेल्यावर त्यांना दिसलं ते असं, की तिथली माणसं चुका जास्त करत नव्हती, त्या लपवत नव्हती. आपल्याकडे चूक सांगायची कोणासमोर? जो मार्चमध्ये अप्रेझल लिहिणार, त्याच्याचसमोर. कोण बोलेल, बॉस?

म्हणूनच लोणावळ्याची आउटिंग आणि पेंटबॉल यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. त्यापेक्षा नॉर्म कर्थ यांनी रेट्रोस्पेक्टिव्हवरच्या २००१ च्या पुस्तकात सांगितलेली युक्ती भारी आहे आणि फुकटही. रेट्रो सुरू करण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर गुपचूप एक आकडा लिहायचा. ५ म्हणजे मी काहीही बोलू शकतो. १ म्हणजे मी हसून ‘सगळं मस्त’ म्हणणार आणि साहेबांना मान डोलावणार. नावं नाहीत, अक्षर ओळखायचं नाही. आकडे खाली आले तर अजेंडा बाजूला, आधी भीतीचं बघायचं.

माझ्या एका मैत्रिणीच्या टीममध्ये हे केलं. आठ चिठ्ठ्या, त्यातल्या पाचांवर १ किंवा २. मॅनेजर भला माणूस. दोन मिनिटं गप्प बसला, मग कॉफीचा मग उचलून म्हणाला, ‘मी बाहेर थांबतो.’ (हे सगळ्यांना जमत नाही हं!) तरी पाच मिनिटं शांतताच. शेवटी सगळ्यात ज्युनिअर टेस्टर बोलली, ‘क्लायंट कॉलला थांबले की माझी नऊची बस जाते. म्हणून मी कॉलवर प्रश्नच विचारत नाही, लवकर संपावा म्हणून.’

सगळे तिच्याकडे बघतच राहिले. दीड वर्ष शेजारी बसणाऱ्यांनाही हे माहीत नव्हतं.

आता तो कॉल सातला असतो. पुढचं रिलीज तरीही लांबलंच. फक्त ते लांबणार हे या वेळी मॅनेजरला सोमवारीच कळलं, टपरीवाल्याच्या आधी.