दादाचा कोर्स आणि माझा कोर्स

(द्वितीय वर्ष, कला)

‘प्लॅटफॉर्म’ या शब्दाला आमच्या घरी परवापर्यंत एकच अर्थ होता. नाशिकरोड स्टेशनावर ज्याच्यावर उभे राहून गाडीची वाट पाहायची, तो! त्यामुळे ‘आमची दोन्ही नातवंडे रात्री प्लॅटफॉर्मवर अभ्यास करतात’ असे आजीने शेजारच्या काकूंना सांगितले तेव्हा त्या बिचाऱ्या दोन दिवस माझ्याकडे फार दयेने पाहत होत्या.

पण विनोद बाजूला ठेवला तर आजीचे म्हणणे खोटे नव्हते. गेल्या वर्षी आमच्या घरात खरोखरच दोघेजण ऑनलाइन शिकत होते. मी एका आय.आय.टी.च्या प्राध्यापकांचा मानसशास्त्राचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला होता. आणि सिन्नरजवळच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करणारा माझा दादा कंपनीच्या अ‍ॅपवर ‘ट्रेनिंग’ पुरे करीत होता. व्हिडिओ नीट चालेल असा फोन घरात एकच, आणि तोही दादाचा. तेव्हा जेवणे उरकली की आधी त्याचे ट्रेनिंग, मग माझे व्याख्यान, असा क्रम ठरलेला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. दादा आय.टी.आय. करून लवकर कामाला लागला म्हणून मला ती चढता आली, हे आधीच सांगून टाकते.

ऑनलाइन शिक्षण हे वरदान की शाप, या विषयावर वक्तृत्व स्पर्धेत दोन्ही बाजूंना सारख्याच टाळ्या मिळतात. त्या वादात मला पडायचे नाही. माझा प्रश्न साधा आहे. एक माणूस स्वतःहून शिकायला बसतो आणि दुसरा मालकाने सांगितले म्हणून बसतो. दोघांपुढचा पडदा तोच, धड्यांची धाटणीही बहुतेक तीच. मग फरक पडतो कोठे? पुष्कळजण म्हणतील, आवडीत. स्वेच्छेने शिकणारा मन लावून शिकतो, सक्तीने शिकणारा पाट्या टाकतो! मीही तसेच समजत होते. आता मला ते पटत नाही.

आधी माझ्या बाजूचे सांगते. आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली एन.पी.टी.ई.एल. हा उपक्रम सुरू केला. आरंभी तो मुख्यतः अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकरिता होता. पुढे त्यात आम्हा कलाशाखेच्या मुलांच्या कामाचे विषयही आले. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ सुरू झाले आणि हे कोर्स तेथेही मिळू लागले. शिकायला पैसा पडत नाही. परीक्षा देऊन प्रमाणपत्र पाहिजे असेल तरच फी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे तर एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करता येतात, पूर्वी ही मर्यादा २० टक्के होती. म्हणजे कोठल्याही खेड्यातल्या मुलीने आय.आय.टी.च्या प्राध्यापकांपुढे बसावे, हे आता स्वप्न राहिलेले नाही. कागदावर तर नाहीच नाही!

आमच्या वर्गातील अकराजणींनी नावे नोंदविली. परीक्षेला बसलो तिघी. बाकीच्या आठजणी आळशी होत्या असे मुळीच नाही. दर बुधवारी रात्री बारापूर्वी स्वाध्याय भरायचा असतो. बाराांपैकी उत्तम आठ धरतात, त्यांचे पंचवीस गुण आणि लेखी परीक्षेचे पंचाहत्तर. एकीच्या घरी बुधवार हा बाजाराचा दिवस. दुसरीचे लग्न ठरले. तिसरीला इंग्रजी व्याख्यान कळेना. काही कोर्सांची लिखिते मराठीतून मिळतात, पण ती शोधायची कोठे हेच तिला कुणी सांगितले नाही. चौथ्या आठवड्यापर्यंत मीही गळालेच असते. गळाले नाही याचे कारण ज्ञानलालसा असे लिहायला मला आवडले असते. परंतु खरे कारण म्हणजे वडिलांनी कांद्याच्या पट्टीतून माझ्या परीक्षेचे हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. त्या वर्षी कांद्याला भाव काय होता हे मला माहीत होते. ते हजार रुपये वाया घालवून घरात जेवायला बसण्याची माझी छाती नव्हती.

हे केवळ माझ्यापुरते असते तर लिहिले नसते. हार्वर्ड आणि एम.आय.टी. या अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांनी ‘एडएक्स’वर चालविलेल्या कोर्सांचा २०१२ पासून २०१८ पर्यंतचा हिशेब ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झाला. छप्पन्न लाखांवर शिकणाऱ्यांची ही मोजदाद आहे. २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्यांपैकी शेवटपर्यंत पोचले शंभरातले जेमतेम तीन! मात्र ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यातले ४६ टक्के पोचले. पैसे भरणारा माणूस मुळातच निश्चयी असतो, असे कुणी म्हणेल. असेलही. पण मग ज्ञानाची गंगा फुकट दारात आणली की लोक आपोआप न्हातील, हा भाबडेपणा तरी आपण सोडला पाहिजे. स्वतःहून शिकणाऱ्याच्या मागेही काहीतरी लागतेच. पैसा, परीक्षा, नाही तर वाट पाहणारे एखादे माणूस. ‘स्वयम्’ हे नाव सुंदर आहे. परंतु स्वयमेव कुणी शिकत नाही.

आता दादाचे ट्रेनिंग. त्याच्या मागे तर पहिल्या दिवसापासून माणूस लागलेले!

व्यक्तींना शिकविणाऱ्या या कंपन्या पुढे कारखान्यांकडे आणि कचेऱ्यांकडे वळल्या, तो इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. ‘युडेमी’ २०१० साली निघाली, ‘कोर्सेरा’ २०१२ साली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी ‘कोर्सेरा’ काढली तेव्हा भाषा होती ती जगातल्या कोणालाही शिकता यावे अशी. पण एकेकटा माणूस चंचल. आज शिकतो, उद्या सोडतो. कंपनी मात्र शेकडो जागांचे पैसे एकदम मोजते. ‘कोर्सेरा’ने २०१६ मध्ये कंपन्यांकरिता वेगळी शाखा काढली, ‘युडेमी’चीही तशी शाखा आहे. व्यक्तीला विकताना हजारो विषयांचा बाजार मांडतात. कंपनीला विकताना त्यातले निवडक विषय, आणि त्याबरोबर आणखी एक वस्तू देतात. कोणत्या कामगाराने काय पाहिले, किती पाहिले, कोण मागे राहिला, याची यादी. माझ्या समजुतीप्रमाणे कंपनीला ही यादीच जास्त प्रिय असते.

दादाच्या कंपनीचे अ‍ॅप कोणी बनविले होते ते त्याला माहीत नव्हते, पण यादी तेथेही होती. ज्याचे ट्रेनिंग झाले त्याचे नाव हिरवे, राहिले त्याचे लाल. लाल नाव दिसले की सुपरवायझरचा फोन. शिफ्टमध्ये वेळ द्यायचा नाही, घरी करायचे, आपल्या रिचार्जवर करायचे. व्हिडिओ पुढे पळवता येत नाही, म्हणून तो लावून दादा जेवायला बसे. शेवटी पाच प्रश्न. चुकले तर पुन्हा द्यायचे, कितीही वेळा. तिसऱ्या खेपेस त्याला उत्तरे पाठ झालेली असत. प्रश्न नव्हेत, नुसती उत्तरे! ‘दुसरे, पहिले, तिसरे, तिसरे, चौथे’ असे तो पाढ्यासारखे म्हणे आणि आम्ही हसत असू. मी तर त्याला माझ्या मानसशास्त्रातल्या स्मरणशक्तीच्या प्रकरणाचे उदाहरण म्हणून छळीत असे.

एका रात्री मात्र तो हसला नाही. त्या दिवशीचा धडा प्रेस मशीनच्या दोन बटणांचा होता. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबली तरच मशीनचा ठोका पडतो; हेतू हा, की ठोका पडताना दोन्ही हात बटणांवर असावेत, डायमध्ये नसावेत. पण एक बटण तार बांधून दाबून ठेवले तर एका हाताने काम होते आणि नग भराभर निघतात. त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या मुलाची दोन बोटे अशीच गेली होती. दादाने तो धडा तीनदा पाहिला. मध्ये थांबवून मला नीट समजावून सांगितला, वहीवर आकृती काढून. मी विचारले, "मग आता तुमच्याकडे तार बांधत नाहीत ना?" तो म्हणाला, "धडा बघितला म्हणून नगांचा आकडा कमी नाही झाला."

सक्तीने शिकणारा मनापासून शिकत नाही, हे माझे मत त्या रात्री गेले. स्वतःच्या बोटांचा प्रश्न आला की कोणीही मनापासून शिकतो. उलट मी आवडीने निवडलेल्या कोर्समधली दोन प्रकरणे केवळ गुणांपुरती घोकली, हे येथे कबूल करते (संबंधित प्राध्यापक हा अंक वाचणार नाहीत अशी आशा आहे). दादाला शिकायचे होते. ज्या ठिकाणी ते शिकणे वापरायचे त्या ठिकाणी त्याला मुभा नव्हती, एवढेच. आणि उद्या त्याचाही हात सापडला असता, तर कंपनीच्या यादीत त्याच्या नावापुढे हिरवी खूण तयार होती. ‘याला शिकविले होते’ असे सांगायला ती पुरेशी होती.

पुढची गोष्ट तर मला अजून सलते. अकरा महिने भरले आणि ठेकेदाराने दादाचे काम थांबविले. ज्या दिवशी गेटपास जमा केला, त्याच संध्याकाळी अ‍ॅप उघडेना. चौदा कोर्स पुरे केले होते त्याने! नव्या कारखान्यात साहेबांनी विचारले, "सेफ्टी ट्रेनिंग झालंय का?" हा म्हणाला, "झालंय." "कागद?" कागद नव्हता. पुन्हा पहिल्यापासून आरंभ झाला. धडा पहिला, हेल्मेट का घालावे.

माझे मात्र सगळे जागच्या जागी आहे. २०२१ पासून आपल्याकडे क्रेडिटची बँक झाली आहे. मी मिळविलेले क्रेडिट माझ्या नावाच्या खात्यात जमा होते; कॉलेज बदलले म्हणून ते बुडत नाही. प्रमाणपत्र माझे, ते खरे आहे की नाही हे कोणालाही पडताळता येते. म्हणून मला वाटते, की या दोन प्रकारच्या प्लॅटफॉर्ममधला खरा फरक शिकविण्यात नाहीच. वेळ कोणाचा खर्च होतो आणि शिकल्याची नोंद कोणाच्या मालकीची, यात तो आहे. दादाने वेळ आपला दिला, रिचार्ज आपले दिले, आणि नोंद मात्र कंपनीची.

हे असेच असावे लागते, असेही नाही. आपल्या महाराष्ट्रातच एम.एस.-सी.आय.टी.चे उदाहरण आहे. एम.के.सी.एल. २००१ साली स्थापन झाली. तिचा हा कोर्स सरकारी नोकरीसाठी मागितला जातो, म्हणून कारकुनांनी केला, शिक्षकांनी केला आणि खेड्यापाड्यांतल्या मुलींनीही केला. गरज नोकरीची, पण प्रमाणपत्र ज्याचे त्याच्यापाशी. गावात कितीतरी घरांतून ते लॅमिनेशन करून ट्रंकेत जपलेले असते. शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्यातही कारखान्यात शिकलेल्या मुलाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. २०२३ साली जो राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला, त्यात तर नोकरीतल्या प्रशिक्षणालाही, रीतसर मूल्यमापन करून, क्रेडिट देता येईल असे म्हटले आहे. सरकारने स्वतःच्या नोकरांसाठी २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केले; केंद्राच्या सुमारे ४६ लाख कर्मचाऱ्यांकरिता पाच वर्षांचे ५१०.८६ कोटी रुपये. साहेबांच्या शिकण्याची एवढी चिंता होते, ही चांगलीच गोष्ट आहे. ठेकेदाराच्या माणसाच्या शिकण्याचा हिशेब कोणी ठेवायचा?

कारखानदार म्हणतील, आम्ही पैसे खर्चून शिकवायचे आणि प्रमाणपत्र घेऊन हा दुसरीकडे जायचा, हा कोठला न्याय? यात अगदीच तथ्य नाही असे नाही. कायम नोकरी देणाऱ्या मालकाने तसे म्हटले तर मी ऐकून घेईन. पण दादा कोठे गेला होता? त्याला घालविले होते. अकरा महिन्यांनी ज्याला रजा द्यायची हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते, त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा धरून त्याचा कागद अडविणे मला पटत नाही. ट्रेनिंग शिफ्टमध्ये द्यावे आणि जाताना कागद हातात द्यावा. माझे मागणे एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे असे मला वाटत नाही.

प्राध्यापकमंडळींकडेही एक मागणे आहे. ‘स्वयम्’चे कोर्स घ्या, असे आपण आम्हाला वर्गात सांगता. पण ज्या मुलींच्या घरी फोन एक आणि माणसे सहा, त्यांच्याकरिता वेळापत्रकात आठवड्याला दोन तास आणि संगणकाची खोली मोकळी ठेवावी. बुधवारचे दोन तास असतील तर फारच उत्तम. त्या आठजणींतल्या पाचजणी तरी या वर्षी पुन्हा नाव घालायला तयार आहेत, मी विचारून ठेवले आहे.

दादाचे नव्या ठिकाणचे ट्रेनिंग सध्या चालू आहे. काल रात्री मी माझी वही घेऊन शेजारी बसले होते. हेल्मेटचा व्हिडिओ संपला, पाच प्रश्न आले. त्याने पडद्याकडे न पाहताच अंगठ्याने पाच उत्तरे दाबली आणि फोन माझ्यापुढे सरकवला. "घे, माझं झालं."