नांग्या वेळेत भरा

कपाशी उगवून आली की आठ-दहा दिवसांत आपण तासातासाने फिरतो. कुठे बी उगवलेच नाही, कुठे रोप किडीने खाल्ले, तिथे नांग्या भरतो. हुशार शेतकरी तर त्यासाठी पिशव्यांत रोपे आधीच तयार ठेवतो. हे काम महिनाभर लांबले तर मागून लावलेले रोप शेजारच्या झाडांच्या सावलीत सापडते आणि खुरटते. हे कोणी शिकवावे लागत नाही. मात्र आपल्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गात किती नांग्या पडल्या आहेत, हे बघायला आपण वर्षातून किती वेळा जातो?

वाचक बंधू-भगिनींनो, आज रात्री जेवणे झाली की एक करा. घरातल्या किंवा शेजारच्या चौथीच्या मुलाला जवळ बसवा आणि दुसरीच्या पुस्तकातला एक धडा वाचायला सांगा. घडाघडा वाचला तर आनंद आहे. अक्षर अक्षर जुळवत बसला तर त्याच्यावर ओरडू नका. तो एकटा नाही. गावोगावी फिरून मुलांचे वाचन तपासणारा ‘असर’ नावाचा अहवाल २००५ पासून निघतो. त्यानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ साली शंभरात २१ च्या आसपास होती. कोरोनात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये हा आकडा १६ वर आला. २०२४ मध्ये तो २३ च्या वर गेला. सुधारणा झाली खरी, पण शंभरातली पाऊणशेच्या वर मुले अजून मागेच आहेत.

हे का होते? पहिले कारण आपल्या घरातच आहे. पारोळ्याच्या खेड्यातले पोर सहाव्या वर्षापर्यंत अहिराणीत वाढते. त्याच्या तोंडी ‘आहे’ नसते, ‘शे’ असते. ‘मला’ नसते, ‘माले’ असते. पुस्तक मात्र पहिल्या पानापासून प्रमाण मराठीत बोलते. मास्तर अहिराणी जाणणारे असले तर ठीक, नाहीतर पोर पहिले वर्ष नुसते ऐकण्यात घालवते. दुसरे कारण वेचणी. दिवाळीच्या पुढेमागे कापूस फुटतो, मजूर मिळत नाही, आणि थोरली पोरगी धाकट्याला सांभाळायला किंवा ओटी बांधून शेतात जाते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले तर चार-सहा महिने गावातच नसतात. तिसरे कारण शाळेचे. चार वर्ग आणि दोन शिक्षक, त्यात एक जण तालुक्याला बैठकीला. वर्ग पुढे सरकतो, पुस्तक संपते आणि मागे राहिलेले पोर मागेच राहते. त्याला आपण ‘ढ’ म्हणून मोकळे होतो.

आजवर हे चालून गेले, कारण आठवीपर्यंत कोणी नापास होत नव्हते. आता तसे राहिलेले नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन पुन्हा परीक्षा घ्यायची आणि तीतही यश आले नाही तर त्याच वर्गात ठेवायचे, असा नियम आहे. ज्याच्या खिशात पैसा आहे तो मुलाला पारोळ्याला क्लास लावील. मजुराच्या पोराला शाळेशिवाय दुसरा आधार नाही. पाचवीत अडकलेला मुलगा गुरांमागे जाईल आणि मुलगी घरी बसेल. तिच्या लग्नाची बोलणी किती लवकर सुरू होतात, हे आम्ही सांगायला नको.

तेव्हा ‘जादा मार्गदर्शन’ या दोन शब्दांना फार महत्त्व आहे. हे मार्गदर्शन परीक्षेत नापास झाल्यावरच द्यावे असे कायदा म्हणत नाही. २००९ च्या मूळ कायद्यातले कलम २४ सांगते की प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. पाचवीच्या निकालानंतर उन्हाळ्यात नांग्या भरायला निघालो तर पीक हाती लागणार नाही. दुसरी-तिसरीतच त्या भरल्या पाहिजेत.

कशा भरायच्या, हे आपल्याच राज्यात करून पाहिलेले आहे. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत उभी केलेली ‘प्रथम’ ही संस्था महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमत असे. वस्तीतलीच, बेताचे शिकलेली तरुणी, तिला पंधरा दिवसांचे प्रशिक्षण आणि अल्प मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज सुमारे दोन तास वेगळी बसवून वाचन आणि अंकज्ञान शिकवी. २००१ ते २००३ दरम्यान मुंबई आणि बडोद्यात त्याची शास्त्रीय तपासणी झाली. ज्या शाळांत बालसखी होती तिथली मुले पुढे गेली आणि सर्वांत जास्त लाभ सगळ्यात मागे असलेल्यांना झाला. ही तपासणी करणाऱ्यांतले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

फसलेला प्रयोगही लक्षात ठेवावा. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात गावच्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनाचे वर्ग चालवले. जी मुले आली ती वाचायला शिकली. पण आली किती? शंभरातली जेमतेम आठ. म्हणून शाळा सुटल्यावरचा किंवा सकाळचा जादा वर्ग कागदावर छान दिसला तरी ज्याला खरी गरज आहे तो त्या वेळी बकऱ्यांमागे असतो. हा तास शाळेच्या वेळेतच हवा. हरियाणात सरकारी शाळांत रोज एक तास राखून मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता, येते किती त्याप्रमाणे बसवले. तिथे हिंदी वाचनात फरक पडला.

आपल्याकडेही आदेशांची कमतरता नाही. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला, जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यास झाला, त्याच महिन्यात केंद्राने ‘निपुण भारत’ जाहीर केले. कमी आहे ती गावाच्या लक्षाची. शिक्षकांवर सगळे ढकलून चालणार नाही. मतदार याद्या, ऑनलाइन माहिती, बैठका यांतून त्यांना शिकवायला वेळ किती उरतो, हेही गावाने विचारले पाहिजे. शेजारच्या अमळनेरला साने गुरुजींनी प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे मुले घडवली. तसे झोकून देणारे शिक्षक आजही आहेत. त्यांच्या पाठीशी गाव उभे राहिले पाहिजे.

आमच्या मते बहादरपूर असो, तामसवाडी असो की दहा-वीस घरांची वस्ती असो, चार गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत. शाळेच्या वेळापत्रकात रोजचा एक तास वाचन-गणितासाठी राखावा आणि त्या तासाला मुले येते तितक्यावर गटाने बसवावीत. गावात बारावी, डी.एड. झालेल्या लेकी-सुना आहेत. त्यांतली एक मदतनीस म्हणून घ्यावी आणि तिचे मानधन ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून द्यावे. ती अहिराणीत समजावेल, हा वरचा लाभ. शाळा व्यवस्थापन समितीत शंभरात पंचाहत्तर सभासद पालक असतात. त्यांनी सह्या करून चहा पिण्यापेक्षा महिन्यातून एकदा मुलांना वाचायला लावून बघावे. मात्र चारचौघांत एकाही पोराची फजिती होता कामा नये. फजिती झालेले पोर दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही. आणि वेचणीच्या दिवसांत शेतमालकांनी शाळकरी मुलांना कामावर घेऊ नये. घेतले तर सरपंचाने हटकावे, मग तो मालक भाऊबंद का असेना.

येत्या ग्रामसभेत रस्ता, गटार, पाणी यांचे विषय निघतीलच. त्याआधी हात वर करून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि मुख्याध्यापकांना एवढेच विचारा, “तिसरी-चौथीची किती मुले, आणि त्यांतल्या कितींना वाचता येते?” उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. तीन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा. एवढे केलेत तरी आपल्या गावात नांग्या भरायला सुरुवात झाली, असे आम्ही समजू.