गाडीत बसण्याआधी एक कागद मागा

धानोरा तालुक्यातल्या माय-बापांनो, भावांनो, बहिणींनो,

धानाचं चुरणं उरकत आलं. आता गाड्या येतील. तेलंगणात मिरची तोडायला माणसं हवीत म्हणून मुकादम येरकड, मुरूमगाव, रांगी, पेंढरी असे फिरतील. प्रत्येक घरी दोनच गोष्टी मागतील, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक. "दे न बाई लवकर, नाहीतर नाव लागत नाही." तुम्ही कोनाड्यातून प्लास्टिकची थैली काढाल, थैलीतून कार्ड काढाल. मुकादम मोबाइल पुढं करून फोटो घेईल. अर्ध्या मिनिटाचं काम.

त्या अर्ध्या मिनिटाबद्दल मला बोलायचं आहे. गाडी लागण्याआधी हे वाचा. घरात ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. गोंडीत समजावून सांगा.

मागच्या हंगामात मी एका मुकादमाशेजारी बसलो होतो. माणूस भला. मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवत होता. बोटानं सरकवत गेला. मांडव, हळद, नवरदेव, पंगत, आणि पंगतीच्या पुढं आधार कार्डं. एकामागून एक, चाळीस तरी असतील. कुणाचं कार्ड खाटेवर ठेवलेलं, कुणाचं गुडघ्यावर. एका कार्डाच्या कडेला धरणाऱ्या बाईचा अंगठाही दिसत होता. मी विचारलं, "हे अजून ठेवलेत?" तो हसला. "राहून गेले. आता हा मोबाइल भाच्याला देऊन टाकतो, नवा घेतो."

त्याच्या मनात काही पाप नव्हतं. काम झाल्यावर फोटो पुसायचे असतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चाळीस घरांचे बारा-बारा आकडे आणि जन्मतारखा आता भाच्याकडं जाणार होत्या. भाच्यानंतर कुणाकडं?

म्हणून पहिलं काम करा. मूळ कार्ड कुणाच्याही हाती ठेवू नका, मुकादमाच्या नाही, ठेकेदाराच्या नाही, साहेबाच्याही नाही. दाखवा आणि परत घ्या. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर तिच्यावर पेनानं आडवं लिहा, 'फक्त मिरची तोडणीच्या कामासाठी', खाली मुकादमाचं नाव आणि तारीख. घरात मोबाइल जाणणारं पोर असेल तर त्याला 'मास्क्ड आधार' काढायला लावा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. नुसती ओळख पटवायला तेवढे पुरतात. एटीएम कार्ड, पिन, ओटीपी मात्र देऊ नका. मजुरी जमा करायला यातलं काहीच लागत नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडं आहेच काय चोरायला? आहे. तुमच्या घामाचा पैसा आहे. तो कसा येतो ते नीट समजून घ्या.

1 जानेवारी 2024 पासून रोजगार हमीची मजुरी आधारच्या आधारानं बँकेत जमा करणं सक्तीचं झालं. आधारला जे खातं सगळ्यांत शेवटी जोडलं गेलं, त्या खात्यात पैसा जातो. तुमच्या घरात पासबुक कोणत्या बँकेचं आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. 2017 साली देशात हेच घडलं. एका मोठ्या मोबाइल कंपनीनं सिम कार्डाची खातरजमा करायची म्हणून लोकांचे अंगठे घेतले आणि त्याच अंगठ्यावर आपल्याच पेमेंट बँकेत त्यांची खाती उघडली. लाखो लोकांचं गॅसचं अनुदान त्यांना ठाऊकही नसलेल्या खात्यांत गेलं. शहरातल्या शिकलेल्यांनाही ते महिनोन् महिने कळलं नाही. मग आठवड्यातून एकदा बाजाराला येणाऱ्या माणसाला कधी कळणार? घरात तांदूळ संपेल, पोराची फी थकेल, आणि ऑफिसात सांगतील, "तुमचा पैसा तर जमा झाला."

म्हणून येत्या बाजाराच्या दिवशी बँकेत जा. एकच प्रश्न विचारा: "माझं आधार कोणत्या खात्याला जोडलं आहे?" उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका. सोबत शेजारणीला न्या, तिचंही विचारा. पैसे काढायला अंगठा लावाल तेव्हा पावती मागा. "सर्व्हर गेला, पुन्हा लावा" असं कुणी म्हणालं, तर आधी खात्यातली शिल्लक बघायला सांगा, मगच दुसऱ्यांदा लावा. अंगठ्याचे रबरी ठसे करून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात घडलेले आहेत. आधारच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये अंगठ्याला कुलूप लावता येतं. रेशनच्या दिवशी ते उघडावं लागतं, तेवढं ध्यानात ठेवा. खात्यातून पैसा गेलाच, तर लाजू नका, वाट पाहू नका. त्याच घटकेला 1930 वर फोन करा. आधारबद्दल विचारायचं असेल तर 1947.

आता थोडं अवघड बोलतो. आपल्या तालुक्यात मजूर आपणच आणि कितीदा तरी मालकही आपणच. मेंढा-लेखानं ते जगाला दाखवलं. 2009 मध्ये या गावाला 1800 हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येत नव्हता, कारण वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या हातात होतं. 27 एप्रिल 2011 ला ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं आणि कागदावरचा हक्क खरा झाला. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा आपला बांबू, आपला तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. मे महिन्यात तेंदूच्या फळीवर पुडे मोजून घेणारा, कुणाचे किती झाले ते लिहिणारा पोरगा आपल्याच गावचा असतो. मजुरीसाठी आधार आणि खातं तोच गोळा करतो. कागद ठेवतो कुठं? कधी समाजमंदिराच्या कपाटात, कधी स्वतःच्या घरी पोत्यात. हंगाम संपल्यावर त्या पोत्याचं काय होतं, कुणी विचारत नाही.

ग्रामसभेच्या अध्यक्षांनो, सचिवांनो, तुम्ही विचारा. कागदांचा गट्ठा कुलपात ठेवा. किल्ली कुणाकडं ते ठरावात लिहा. मजुरी वाटून झाली, हिशेब मंजूर झाला की जास्तीच्या झेरॉक्स चार माणसांसमोर जाळा. त्या रद्दीत देऊ नका. मी बाजारात शेंगदाणे घेतले, घरी येऊन पुडी सोडली, तर आत एका बाईचं जॉबकार्ड. फोटोतली बाई थेट माझ्याकडं बघत होती. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

पण एक चूक करू नका. आधार झाकायचं म्हणून हजेरीपट झाकू नका! कोण किती दिवस कामावर आलं, कुणाला किती मजुरी मिळाली, हे गावासमोर मोठ्यानं वाचलंच पाहिजे. 1977 साली महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला, तो देशात पहिला. तेव्हापासून खोट्या नावांची चोरी पकडली गेली ती हजेरी उघडी होती म्हणून. "ही माहिती खासगी आहे" असं सांगून उद्या कुणी हजेरीपट दाखवायला नकार दिला, तर ऐकू नका. नाव, दिवस आणि रक्कम गावाची आहे. आधारचा आकडा, खात्याचा आकडा, अंगठा आणि आजारपण ज्याचं त्याचं आहे. आधारचा आकडा असा चारचौघांत लावायला आधार कायद्यानंच मनाई आहे.

काय गावाचं आणि काय ज्याचं त्याचं, ही रेघ सरकारकडूनही चुकली आहे. 2017 मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेच्या अभ्यासकांनी चार सरकारी संकेतस्थळं तपासली, त्यात रोजगार हमीचंही होतं. सुमारे 13 कोटी लोकांचे आधार क्रमांक तिथं उघड्यावर पडले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. पुढं जानेवारी 2023 पासून रोजगार हमीच्या कामांवर मजुरांचे दिवसातून दोन फोटो अ‍ॅपवर चढवणं सक्तीचं झालं. आपल्याकडं रेंज शोधत टेकडीवर चढणारा रोजगार सेवक तुम्ही पाहिलाच असेल. एवढे चेहरे गोळा करून चोरी थांबली का? जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच राज्यांना कळवलं, की भलतेच फोटो चढवले जात आहेत, फोटोचाच फोटो काढून हजेरी लागते आहे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं मनरेगाच्या, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या, जागी नवा कायदा मंजूर केला. त्यातही बायोमेट्रिक ओळख आणि मोबाइलवरची देखरेख आहेच. म्हणजे अंगठा आणि चेहरा मागणारे हात वाढणार आहेत.

रोजगार सेवक भाऊ, तुमची धावपळ आम्हाला दिसते. एवढंच करा. बायांचे फोटो अ‍ॅपवर टाका, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. चढवून झाले की मोबाइलमधून पुसा.

आता कायदा काय म्हणतो? 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा झाला. माहिती नीट जपली नाही तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ऐकायला बरं वाटतं. पण बारकाईनं पाहा. नोकरीपुरती माहिती मालकाला वेगळी संमती न घेताही वापरता येते. नुसत्या कागदावर राहिलेली झेरॉक्स त्या कायद्यात येत नाही, मोबाइलमधला फोटो येतो. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मालकांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, मे 2027 मध्ये लागू व्हायची आहेत. संमती मागताना मजुराला इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत माहिती मिळण्याची सोय आहे. त्या 22 भाषांत मराठी आहे, तेलुगू आहे. गोंडी नाही.

तेव्हा दिल्लीचा कागद तुमच्या आजीशी बोलणार नाही. तुम्हालाच बोलावं लागेल. माहिती का घेतो, कुणाला देणार, कधी पुसणार, एवढी तीन वाक्यं ग्रामसभेत गोंडीत सांगा. शिकलेल्या पोरींनो, हे काम तुमचं.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं, ते.

1979 साली परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी कायदा झाला होता. त्यात लिहिलं होतं, की ठेकेदारानं प्रत्येक मजुराला एक पासबुक द्यावं. त्यावर मजुराचा फोटो. आत मालकाचं नाव, कामाचं ठिकाण, किती दिवस, मजुरी किती, परतीचं भाडं किती, कपात किती. आणि हे सगळं मजुराच्या भाषेतही. म्हणजे मालकाची माहिती मजुराच्या खिशात! तुमच्यापैकी किती जणांनी असं पासबुक पाहिलं? मी एकही पाहिलं नाही. आज सगळी माहिती एकाच दिशेनं जाते. मुकादमाला तुमचा अंगठासुद्धा ठाऊक असतो. तुम्हाला शेतमालकाचं आडनावही ठाऊक नसतं.

याची किंमत 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये कळली. टाळेबंदी लागली आणि तेलंगणातून माणसं जंगलाच्या वाटेनं पायी निघाली. शेजारच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मुलगी मिरचीच्या शेतावरून तीन दिवस चालली आणि घर जवळ आलं असताना वाटेत गेली. त्या दिवसांत आपल्याकडंही किती घरांत माय-बाप फोन हातात धरून बसले होते. लावायचा कुणाला? मालकाचा नंबर कुणाकडं होता? गाव कोणतं, मंडल कोणतं, हे तरी कुणाला ठाऊक होतं?

यंदा असं होऊ देऊ नका. गाडीत पाय ठेवण्याआधी मुकादमाकडून एक कागद मागा. आधार देता तसा कागद घ्या. त्यावर लिहून घ्या: शेतमालकाचं पूर्ण नाव आणि फोन, गाव, मंडल, जिल्हा. मुकादमाचं नाव आणि फोन. मजुरीचा दर, आणि ती रोख की मिरचीच्या मापानं. परतायची तारीख आणि भाडं कोण देणार ते. खाली मुकादमाची सही. त्याच्या दोन प्रती करा. एक तुमच्या थैलीत ठेवा. एक ग्रामसभेत द्या.

मुकादम दादा, तुम्ही परके नाहीत. तुमचीही लेक कुणाच्या तरी गाडीत बसून जाईल. तिच्या कार्डाचा फोटो ज्या मोबाइलमध्ये असेल, तो मोबाइल कुणाच्या हाती जावा असं तुम्हाला वाटतं? तसंच आमचं जपा. आज संध्याकाळी बसून मागच्या हंगामाचे फोटो पुसून टाका.

ग्रामसभांनो, शंभर पानी एक वही घ्या. मेंढा-लेखाला परवान्याचं पुस्तक मिळवायला 2011 पर्यंत झगडावं लागलं. या वहीला कुणाची परवानगी लागत नाही. पहिल्या पानावर गावाचं नाव घाला. गाडी सुटण्याच्या आदल्या रात्री सगळ्यांना बोलवा आणि कोण, कुठं, कुणाकडं, कधीपर्यंत, हे उतरून घ्या. मजुराचा आधार क्रमांक तिच्यात लिहू नका, त्याची गरज नाही. वही कुलपात ठेवा. जो घरी राहिला आहे त्या म्हाताऱ्याला किंवा पोराला तिच्यातलं त्याच्या माणसाचं पान केव्हाही दाखवा.

वही आजच आणा. गाड्या उद्याही लागू शकतात.