निकालाआधीचा निरोप

महाराष्ट्रातील बहुतेक माध्यमिक शाळांत दहावीच्या वर्गाचा निरोप समारंभ, ज्याला बोलण्यात नुसते ‘सेंड-ऑफ’ म्हटले जाते, मंडळाच्या परीक्षेपूर्वीच पार पडतो. त्यामुळे नववीच्या मुलांनी सजवलेल्या त्या व्यासपीठावरून निरोपाचे शब्द थोडे आणि उत्तरपत्रिकेविषयीच्या सूचनाच अधिक ऐकू येतात, हे काहीसे खेदजनकच आहे. निरोप इतक्या लवकर, साधारण सोळाव्या वर्षी, येण्याचे कारण शिक्षणाच्या रचनेत आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुरस्कारलेला १०+२+३ हा आकृतिबंध, म्हणजे दहा वर्षे शाळा, दोन वर्षे उच्च माध्यमिक आणि तीन वर्षे पदवी अशी विभागणी, राज्याने स्वीकारला, तेव्हा अकरावी-बारावीचे वर्ग मोठ्या प्रमाणावर ‘कनिष्ठ महाविद्यालय’ या नावाने शाळेपासून वेगळे झाले आणि गणवेशही बहुधा दहावीतच सुटू लागला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मात्र नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला आहे. तूर्त, २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालेल्या अकरावीच्या प्रवेशप्रक्रियेत शाखा आणि महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरताना, एका बाकावरचे सोबती वेगवेगळ्या याद्यांत विखुरतात, आणि त्याविषयी निरोपाच्या भाषणांत सहसा कोणी बोलत नाही.